वार बसला की नाही?
‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी, १९७४) या टेबलावर खेळायच्या भूमिका-खेळाच्या आजच्या नियमांत वार करताना वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपले गुण मिळवायचे. समोरच्याचं चिलखत १५ आणि तुमचे गुण ५, तर दहा पडले तरी वार बसला. मात्र शेवटचा जीवबिंदू जाईपर्यंत योद्धा ठणठणीत! ‘रूनक्वेस्ट’ (१९७८) हा तसाच खेळ, पण इतका दयाळू नाही. तिथे कौशल्य टक्क्यांत, वार अडवायला वेगळी संधी आणि घाव कुठे बसला हे ठरवायला आणखी एक फासा. पाय जायबंदी झाला की माणूस आडवा. ‘गर्प्स’मध्ये (१९८६) तीन साध्या फाशांची बेरीज कौशल्याच्या आकड्याच्या आत हवी. त्याची फेरी एका सेकंदाची, डी अँड डीची सहा. लोकल दादरला अर्धा मिनिट थांबली, तर ‘गर्प्स’च्या तीस फेऱ्या होतील. टेबलावर मात्र तेवढ्याला अख्खी संध्याकाळ जाते.