सांकेतिक लिपी, महानुभावीय

महानुभाव पंथाने आपले धर्मग्रंथ पंथाबाहेरील वाचकास कळू नयेत म्हणून चौदाव्या शतकापासून योजिलेल्या गुप्त लेखनपद्धती. सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, सुभद्रा, श्री, वज्र, मनोहरा इ. नावांनी त्या ओळखल्या जातात. त्यांपैकी सकळ लिपीचा प्रसार सर्वाधिक झाला. तिचे कर्तृत्व परंपरेने रवळोबास (रवळोव्यास) यांच्याकडे दिले जाते. ‘लिपी’ हा शब्द येथे काहीसा फसवा आहे. ग्रंथांची भाषा मराठीच राहते. बदलते ते अक्षर व त्याचे चिन्ह यांचे रूढ नाते. म्हणून अशी पोथी वाचणे हे परकी लिपी शिकण्यापेक्षा विस्कटलेल्या अक्षरांतून मूळ शब्द उकलण्याच्या अधिक जवळचे आहे.

शब्द विस्कटण्याचे मार्ग मुख्यतः दोन. पहिल्यात अक्षरे तीच राहतात, त्यांचा क्रम बदलतो. ‘कमल’ ह्या शब्दाची तीन अक्षरे सहा प्रकारे मांडता येतात व त्यांपैकी ‘कलम’ हा पुन्हा अर्थपूर्ण शब्द ठरतो. चार भिन्न अक्षरांचे २४ आणि पाचांचे १२० क्रम होतात. मराठीत येथे एक प्रश्न उद्‌भवतो, तो रोमन लिपीतील शब्दकोड्यांत उद्‌भवत नाही : हलवावयाचे ते अक्षर की वर्ण? ‘वानर’ ह्या शब्दाची वा, न, र ही अक्षरे कशीही फिरविली, तरी ‘नवरा’ शब्द मिळत नाही. परंतु स्वर व व्यंजने सुटी केली, तर दोन्ही शब्दांतील वर्ण अगदी तेच आहेत. मुलांची ‘च’ची भाषा अक्षराचा मार्ग पत्करते. तिच्या एका प्रचलित प्रकारात पहिले अक्षर शेवटी जाते व त्याच्या जागी ‘च’ येतो. ‘घर’ याचे ‘चर घ’ होते.

दुसऱ्या मार्गात क्रम तोच राहतो आणि अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरे वा चिन्हे येतात. महानुभावीय लिप्यांचा पिंड हाच. भारतात ही कल्पना जुनी आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांमध्ये ‘अक्षरमुष्टिकाकथन’ व ‘म्लेच्छितविकल्प’ यांचा समावेश असून यशोधराच्या जयमंगला टीकेत ‘मूलदेवीय’ नावाची अदलाबदलीची रीत दिली आहे. तीत अ व क, ख व ग, घ व ङ ह्या जोड्या परस्परांची जागा घेतात; चवर्गाची टवर्गाशी व तवर्गाची पवर्गाशी अदलाबदल होते; य–श, र–ष, ल–स ह्या उरलेल्या जोड्या होत. स्वरचिन्हे व ‘व’ जागच्या जागी ठेवून ह्या रीतीने ‘परतवाडा’ हे नाव लिहिल्यास ते ‘तषपवाजा’ असे होते आणि ‘मराठी’ शब्द ‘नषाछी’ असा दिसतो. जोड्या परस्पर असल्यामुळे लिहिण्याची किल्ली तीच वाचण्याची किल्ली ठरते, ही ह्या रीतीची सोय. मूलदेवीय व सकळ ह्या एकच पद्धती नव्हेत. तत्त्व स्पष्ट करण्यापुरतेच येथे तिचे उदाहरण घेतले आहे.

किल्ली ठाऊक नसेल, तर वाचकास अक्षरांच्या वारंवारतेचा आधार घ्यावा लागतो. अक्षराचा वेष बदलला, तरी ते किती वेळा व कोणाच्या शेजारी येते हे बदलत नाही. नवव्या शतकात बगदाद येथील अल्-किंदी याने हे तत्त्व शास्त्रशुद्धपणे मांडले. महानुभावांच्या गद्यात ‘मग’, ‘गोसावी’, ‘म्हणितलें’ यांसारखे शब्द पदोपदी येतात, आणि असे शब्द चतुर वाचकास धागा पुरवितात. मात्र हा धागा फसवाही असतो. वरील मूलदेवीय रीतीने ‘मग’ लिहिल्यास ‘नख’ होते व ‘गोसावी’ लिहिल्यास ‘खोलावी’. दोन्ही रूपे मराठी वाटतात. विस्कटलेला शब्द निरर्थक दिसला, तर वाचक सावध होतो. तो अर्थपूर्ण दिसला, तर तेथेच थांबतो. शिवाय जुन्या हस्तलिखितांत शब्द न तोडता ओळ सलग लिहिण्याची प्रथा होती. ‘तोफारमोठा’ ही अक्षरे बरोबर उकलूनही ती ‘तोफा’पासून वाचू लागणारा वाचक अडतोच.

पंथाने गुप्ततेचा अवलंब का केला, ह्याचे एकच कारण सांगता येत नाही. श्रीचक्रधरांच्या लीळा व वचने ही अनुयायांना प्रत्यक्ष ईश्वराची वाणी होती. ती अनधिकारी व्यक्तीच्या हाती पडून तिची विटंबना होऊ नये, ही भावना प्रबळ होती. वर्णाश्रमाचे व अनेक दैवतांच्या उपासनेचे बंधन न मानणाऱ्या पंथाला समाजाचा रोष सोसावा लागला. यादवांचे राज्य लयास गेल्यावर अस्थिरता आली. लीळाचरित्राची मूळ प्रत एका धाडीत गेली व ग्रंथ पुन्हा स्मरणातून सिद्ध करावा लागला, असे परंपरा सांगते. ह्या सर्वांचा परिणाम दुहेरी झाला. बंदिस्त राहिल्यामुळे ग्रंथांतील भाषेचे जुने वळण बरेचसे टिकले. दुसरीकडे, पंथाचे स्वतःचे म्हणणे बाहेर कोणास वाचता येत नसल्याने त्याच्याविषयी विपरीत आख्यायिका पसरल्या. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वृत्तांतांत ‘मानभाव’ यांच्या उत्पत्तीची कृष्णभट्टाची कथा येते, ती ह्याच जातीची. शतकानुशतके मौन पाळणाऱ्याची कैफियत त्याच्या विरोधकांनी लिहावी, तसे हे झाले.

विसाव्या शतकाच्या आरंभी ही स्थिती पालटली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली, तर वि. ल. भावे यांनी महंतांचा विश्वास संपादून किल्ली व पोथ्या मिळविल्या आणि महाराष्ट्र सारस्वताच्या १९१९ च्या आवृत्तीत ह्या वाङ्‌मयाची सविस्तर दखल घेतली. ह्या घटनेस ‘शोध’ म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः किल्ली कधी हरविलीच नव्हती. वऱ्हाडातील मठांपासून पंजाब व काबूलपर्यंत पसरलेल्या मठांतून पंथीय वाचक ह्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या वाचीत होते. अनभिज्ञ होते ते बाहेरचे विद्वान. पुढे यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांनी संशोधन व संपादन यांचे कार्य चालविले. म्हाइंभटकृत लीळाचरित्र (सु. १२७८) उपलब्ध झाल्याने मराठी गद्याचा आरंभ ज्ञानेश्वरीच्या (१२९०) आधी नेता आला. ऋद्धिपूर (रिद्धपूर) येथे गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या लीळेप्रसंगी महदाइसेने रचिलेले धवळे प्रकाशात आले व मराठीच्या आद्य कवयित्रीचे नाव वाङ्‌मयेतिहासात दाखल झाले.

अक्षरे उकलल्यावर शब्द हाती येतो, अर्थ नव्हे. किंबहुना खरे कठीण काम तेथून पुढे सुरू होते. ‘गोसावी’ म्हणजे आजचा भिक्षेकरी नव्हे, तर श्रीचक्रधर. ‘राउळ’ म्हणजे अन्यत्र राजवाडा किंवा देऊळ. ऋद्धिपुरातील प्रसंगांत मात्र तो शब्द गोविंदप्रभूंना उद्देशून येतो. ‘आरोगणा’ म्हणजे स्वामींचे भोजन, ‘पहुड’ म्हणजे निजणे व ‘उपहुड’ म्हणजे निजून उठणे. ‘अवस्थान’, ‘वस्ति’ व ‘आसन’ ह्यांचा सर्वसाधारण अर्थ घेतल्यास वाक्य लागते, पण भेद हरवतो : अवस्थान हा दीर्घ मुक्काम, वस्ति एका रात्रीची आणि आसन म्हणजे केवळ बसण्याची जागा. पंथीयांना ह्या तिन्ही प्रकारची स्थाने वंद्य असल्याने हा भेद त्यांच्या दृष्टीने शब्दच्छल नव्हे. ‘कलम’ शब्दाचा अर्थ लेखणी, कायद्यातील परिच्छेद की झाडाला बांधलेली फांदी, हे जसे संदर्भच ठरवितो (संत्र्याच्या बागांच्या वऱ्हाडात तिसरा अर्थ प्रथम सुचतो), तसेच येथेही होते; मात्र तो संदर्भ सातशे वर्षांपूर्वीचा असतो.

स्थलनामांचेही असेच आहे. लीळाचरित्रात येणारे ‘आळजपूर’ हे नाव अचूक उकलूनही ते नकाशावर सापडत नाही. ते म्हणजे आजचे अचलपूर (पूर्वीचे एलिचपूर). परतवाडा हे त्यास लागूनच वसलेले, ब्रिटिश अमदानीतील लष्करी छावणीमुळे वाढलेले गाव असल्याने जुन्या पोथ्यांत त्याचे नाव शोधणे व्यर्थ होय. तेथून पूर्वेस चांदूर बाजारपलीकडे मोर्शी तालुक्यात ऋद्धिपूर आहे. ह्या पट्ट्यातील गावे, नद्या व देवळे ठाऊक असलेल्या वाचकास पोथीतील कित्येक जागा ओळखता येतात. स्थानपोथीसारखा ग्रंथ ह्या कामी मोठा आधार ठरतो.

गुप्त ग्रंथ मुद्रित व्हावेत काय, हा वाद उकलीबरोबरच उपस्थित झाला. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा पंथातील काहींनी त्यातील पाठांस आक्षेप घेतला. संपादकाच्या दृष्टीने पाठ हा हस्तलिखितांच्या तुलनेतून ठरतो. श्रद्धावानाच्या दृष्टीने तो गुरुपरंपरेने दिलेला असतो. पाठचिकित्सेच्या दृष्टीने पहिली भूमिका स्वीकारावी लागते. तथापि पोथ्या जतन करणाऱ्यांना डावलून केलेले संपादन अपुरे राहते, हेही खरे. महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या अधिनियमान्वये ऋद्धिपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन करण्याचा निर्णय अंमलात आणल्याने ज्या गावात ह्या वाङ्‌मयाची जडणघडण झाली, तेथेच त्याच्या अध्ययनाची सोय होत आहे. [⟶ महानुभाव पंथ].