निदान यंत्राचे, गुपित रुग्णाचे

जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागेत पाने पिवळी पडू लागली, की अनुभवी बागायतदारही विचारात पडतो. हा जस्ताचा अभाव आहे, की 'ग्रीनिंग' हा जिवाणूजन्य रोग? जस्त कमी असेल, तर फवारणीने झाड सावरते. ग्रीनिंग असेल, तर झाड बरे करण्याचा खात्रीचा उपाय आजही नाही. दोन्हींत पाने वरवर सारखीच दिसतात. जाणकाराला मात्र फरक कळतो. जस्ताच्या अभावी येणारा पिवळेपणा मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंस सारखा असतो, तर ग्रीनिंगमध्ये तो विषम आणि डागाळलेला असतो. लक्षणांवरून रोगाची वर्गवारी करण्याची ही हातोटी आता संगणकाला शिकवली जात आहे. या तंत्रालाच 'मशीन लर्निंग' म्हणतात.

उदाहरणांतून शिक्षण

या पद्धतीत संगणकाला नियम सांगितले जात नाहीत. तज्ज्ञांनी आधीच निदान केलेली हजारो छायाचित्रे त्याला दाखवली जातात. प्रत्येक वेळी तो अंदाज करतो आणि चुकला, की त्याच्या गणितातील गुणक किंचित बदलले जातात. असे असंख्य वेळा घडल्यावर न पाहिलेल्या छायाचित्राचेही वर्गीकरण त्याला साधू लागते.

पानांना लागू पडणारी ही रीत छातीच्या एक्स-रेलाही लागू पडते. मुंबईत २०१६ मध्ये स्थापन झालेल्या 'क्युअर डॉट एआय' या कंपनीने एक्स-रेवरून क्षयरोगाचा संशय वर्तवणारी प्रणाली तयार केली. १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग चाळणीसाठी अशा संगणकीय वाचनाचा वापर करण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली. क्ष-किरणतज्ज्ञ सहसा न मिळणाऱ्या तालुक्यांसाठी ही मोठीच सोय आहे.

मात्र, अचूकतेचे आकडे जपून वाचावे लागतात. समजा, १,००० जणांत १० क्षयरुग्ण आहेत आणि प्रणाली रुग्ण व निरोगी दोघांनाही ९० टक्के वेळा बरोबर ओळखते. तिला ९ रुग्ण सापडतील, एक निसटेल आणि ९९ निरोगी माणसांवर नाहक संशय येईल. म्हणजे संशयित १०८ पैकी खरे रुग्ण केवळ ९. म्हणूनच यंत्राचे मत हे निदान नव्हे. थुंकीच्या तपासणीकडे बोट दाखवणारी ती खूण आहे. शिवाय मोठ्या शहरातील स्वच्छ छायाचित्रांवर शिकलेली प्रणाली जुन्या यंत्राच्या धूसर छायाचित्रांवर अडखळू शकते. जेथे ती वापरायची, तेथील नमुन्यांवर तिची परीक्षा घेणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

आज चोरी, उद्या उकल

दुसरा प्रश्न छायाचित्राच्या प्रवासाचा आहे. मंठा किंवा जाफराबाद येथे काढलेला एक्स-रे अनेकदा दूरच्या संगणकावर तपासला जातो. वाटेत तो सांकेतिक रूपात असतो. अशा संकेतांची किल्ली ठरवण्याच्या आजवरच्या प्रचलित पद्धतींपैकी एक पद्धत, प्रचंड संख्येचे मूळ अवयव शोधणे साध्या संगणकाला जवळजवळ अशक्य असते, या गृहीतावर उभी आहे. पुरेसा मोठा क्वांटम संगणक हे काम वेगाने करू शकेल, असे पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले.

तेवढा मोठा क्वांटम संगणक आज अस्तित्वात नाही. परंतु सांकेतिक माहिती आज चोरून साठवायची आणि तसा संगणक आला, की उकलायची, हा मार्ग चोरट्यांना मोकळा आहे. बँकेचा परवलीचा शब्द बदलता येतो. माणसाचा आजार बदलता येत नाही. विशीतल्या मुलीला झालेला क्षयरोग बरा होतो, पण त्याची नोंद २० वर्षांनी उघड झाली, तरी तिच्या संसारावर, नोकरीवर सावट येऊ शकते.

प्रकाशकणांची किल्ली

यावर एक उपाय 'क्वांटम किल्ली-वितरण' हा आहे. चार्ल्स बेनेट व गिल्स ब्रासार्ड यांनी १९८४ मध्ये तो मांडला. यात गुप्त किल्ली एकेका प्रकाशकणाच्या अवस्थेतून पाठवली जाते. मध्येच कोणी ते कण मोजू लागला, तर त्यांची अवस्था बिघडते आणि दोन्ही टोकांना चोरीचा सुगावा लागतो. संरक्षण संशोधन संस्था डीआरडीओ व आयआयटी दिल्ली यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रयागराज ते विंध्याचल या १०० किलोमीटरहून अधिक अंतरावर, आधीच टाकलेल्या व्यापारी तंतूमधून हा प्रयोग यशस्वी केला. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेस मंजुरी दिली. २,००० किलोमीटरपर्यंत सुरक्षित संपर्क हे तिचे एक उद्दिष्ट आहे.

अंतर हीच येथे मुख्य अडचण आहे. तंतूत प्रकाशकण वाटेत हरवत जातात आणि अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करता येत नसल्याने नेहमीसारखे वर्धकही बसवता येत नाहीत. जालना-मुंबई अंतर सुमारे ४०० किलोमीटर आहे. त्यामुळे ग्रामीण रुग्णालयासाठी दुसरा उपाय अधिक जवळचा वाटतो. क्वांटम संगणकालाही अवघड जाईल, अशा नव्या गणितावर आधारलेली संकेतपद्धती हा तो उपाय होय. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अशी पहिली तीन मानके जाहीर केली. त्यांसाठी नवा तंतू लागत नाही. आज्ञावली बदलणे पुरते.

अर्थात, कुलूप कितीही भक्कम असले, तरी दार उघडे राहिल्यास ते निरुपयोगी ठरते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'ची संगणकव्यवस्था सायबर हल्ल्याने कोलमडली आणि अनेक दिवस कामकाज कागदावर करावे लागले. त्या हल्ल्यासाठी क्वांटम संगणकाची गरज पडली नव्हती. एक्स-रे कोण पाहू शकतो, तो किती काळ साठवला जातो आणि रुग्णाची संमती घेतली होती काय, हे प्रश्न तालुक्याच्या रुग्णालयातही आजच विचारले गेले पाहिजेत.