टिप नकली नव्हती

लातूर-नांदेडच्या एमआयडीसीतल्या लेथवर कार्बाइडची टिप उडाली की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘माल नकली आहे.’ दुकानदाराला फोन जातो, नवी डबी येते आणि त्याच जॉबवर तीही उडते. बाजारात नकली माल नसतोच असं नाही. पण प्रत्येक मोडलेल्या टिपेचं खापर दुकानदारावर फोडण्याआधी ती टिप एकदा भिंगाखाली धरा हो!

धारेखाली सरळ घासलेला पट्टा दिसला तर ती नेहमीची झीज. माथ्यावर खड्डा पडला असेल तर उष्णता जास्त झाली. धारेला आडव्या, कंगव्याच्या दात्यांसारख्या भेगा असतील तर टिप तापत-गार होत राहिली. आणि कोपराच कपचला असेल तर दणका बसला.

आपल्याकडे दणकाच जास्त. तेलमिलच्या एक्स्पेलरचा झिजलेला वर्म वेल्डिंगने भरून टर्निंगला येतो. त्या उंचसखल थरावर टिप क्षणात धातूत, क्षणात हवेत. कार्बाइड कडक असतं, पण एचएसएससारखं (हाय-स्पीड स्टीलसारखं) चिवट नसतं, दणक्याने कपचतं. म्हणून ग्रेड बघायचा. आयएसओ ५१३ प्रमाणे निळा पी स्टीलसाठी, पिवळा एम स्टेनलेससाठी, लाल के बिडासाठी. पी१० कडक, पी४० चिवट. वेल्ड भरलेल्या वर्मला पी१० लावून कंपनीला शिव्या देणं हा निव्वळ अन्याय आहे.

दुसरं कारण टूलपोस्टवरच दिसतं. टूल दुप्पट बाहेर काढलं की तेवढ्याच जोराखाली ते आठपट वाकतं. मग थरथर, मग कपची.

‘स्पीड कमी, टूल सुरक्षित’ हे अर्धंच खरं. टेलर या अभियंत्याने १९०७ साली छापलेल्या टूलच्या आयुष्याच्या सूत्रात कार्बाइडचा नेहमीचा घातांक ०.२५ घातला, तर स्पीड २० टक्के वाढवल्यावर टूलचं आयुष्य निम्मं होतं. पण स्पीड फारच उतरवला की धातू धारेला चिकटतो आणि सुटताना धारही घेऊन जातो.

‘थोडं कूलंट बाटलीने मारलं तरी चालतं’: नाही, त्यानेच भेगा पडतात, कूलंटची अखंड धार सोडा, नाहीतर कोरडंच चालवा.

आणि कट चालू असताना लाइट गेली, तर आधी स्विच बंद करा. रुतलेलं टूल मोकळं केल्याशिवाय मशीन सुरू करू नका.