कोथेनमधले सतरा महिने

मे १७२० मध्ये योहान सेबास्टियन बाख कोथेनच्या राजपुत्र लिओपोल्डबरोबर कार्ल्सबादला गेला. ही वारी नोकरीचा भाग होती. राजपुत्राला तिथल्या औषधी झऱ्यांचे पाणी हवे होते आणि तिथेही आपले वादक हाताशी हवे होते. बाख परतला तेव्हा बायको, मारिया बार्बारा, या जगात नव्हती. ७ जुलैला तिचे दफन झाले होते. मागे ठणठणीत सोडलेली बायको आजारी पडली आणि गेली, हे त्याला घरात पाऊल टाकल्यावरच कळले, असे मुलगा कार्ल फिलिप एमान्युएल याच्या सहभागाने लिहिलेल्या मृत्युलेखात नोंदलेले आहे.

बाख पस्तीस वर्षांचा होता. पदरात चार मुले: कातारिना डोरोथेआ अकरा वर्षांची, फ्रीडेमान नऊचा, एमान्युएल सहाचा आणि बर्नहार्ड पाचचा. राजपुत्राच्याच नावाचे तान्हे बाळ आदल्या वर्षी गेले होते.

या काळाबद्दल लिहिताना बहुतेकांचा हात लगेच 'शाकोन'कडे वळतो. एकल व्हायोलिनच्या रचनांची बाखच्या हातची सुवाच्य प्रत १७२० ची आहे. त्यातल्या डी मायनरमधल्या पार्टिटाचा शेवट या दीर्घ शाकोनने होतो. हेल्गा थोने या जर्मन अभ्यासिकेने तर त्यात मारिया बार्बाराचे स्मारकच दडलेले आहे, असे मांडले. ऐकायला हे फार सुंदर वाटते, पण प्रतीवर फक्त वर्ष आहे, महिना नाही. शाकोन बायको असतानाही रचलेला असू शकतो. विधुराच्या दुःखाचा पुरावा आपल्याला संगीतातच का हवा असतो, कोण जाणे.

मला त्या घराची अधिक खूण पटते ती फ्रीडेमानच्या वहीत. ही वही बाखने २२ जानेवारी १७२० ला सुरू केली, म्हणजे आई असतानाच. सुरुवातीला स्वरलेखनाच्या किल्ल्या, मग अलंकारांचा तक्ता, मग कुठले बोट कुठल्या पट्टीवर ठेवायचे ते लिहून दिलेला छोटा तुकडा. वही पुढेही भरत राहिली. काही पाने बापाच्या अक्षरात, काही मुलाच्या. पुढे 'वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर'मध्ये गेलेल्या अकरा प्रिल्यूड्सची आधीची रूपे याच वहीत आहेत. आज जगभरच्या पियानो वर्गांत ज्यांवर मुलांचा घाम निघतो, त्या रचनांची सुरुवात घरच्या तालमीत झाली.

नोकरी तशी चांगली होती: वर्षाला चारशे थालर, संगीत जाणणारा मालक, कसलेले वादक. तरी नोव्हेंबरमध्ये बाख हॅम्बुर्गला गेला. तिथल्या सेंट जेकब चर्चच्या ऑर्गनवादकाची जागा रिकामी होती. वयोवृद्ध ऑर्गनवादक राइनकेनसमोर त्याने वाजवले आणि म्हाताऱ्याने दाद दिली. पण ठरलेल्या परीक्षेआधीच बाखला परतावे लागले आणि जागा चर्चला चार हजार मार्क देणाऱ्या हाइटमानला मिळाली. २४ मार्च १७२१ ची तारीख घालून ब्रांडेनबुर्गच्या मारग्राफला सहा कॉन्चेर्तो फ्रेंच अर्पणपत्रिकेसह पाठवले, त्यातही आर्जव लपत नाही. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत थोरला भाऊ योहान क्रिस्टोफ वारला होता. आईबापांमागे दहा वर्षांच्या सेबास्टियनला सांभाळणारा तोच.

मग घर कोण चालवत होते? कागदपत्रे यावर जवळजवळ गप्प आहेत. मारिया बार्बाराची थोरली बहीण फ्रीडेलेना मात्र कोथेनआधीच्या वायमारमधल्या दिवसांपासून या कुटुंबात राहत होती. मुलांची मावशी. बाखच्या चरित्रांत तिच्या वाट्याला एखाद-दुसरे वाक्य येते. माझ्या मते या सतरा महिन्यांत तिला निदान एक प्रकरण मिळायला हवे होते.

३ डिसेंबर १७२१ ला बिजवर बाख पुन्हा बोहल्यावर चढला. वधू आना माग्डालेना विल्के, दरबारातली गायिका, ट्रम्पेटवादकाची मुलगी, वय वीस. सावत्र मुलगी तेरा वर्षांची व्हायला आलेली. दोघींत सात वर्षांचे अंतर. फ्रीडेलेना घरातच राहिली, १७२९ मध्ये मरेपर्यंत. मेलेल्या बायकोची बहीण, तरणी नवी बायको आणि वयात येणारी मुलगी एका छपराखाली. काय काय झाले असेल, त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

आठ दिवसांनी राजपुत्राचेही लग्न झाले. नव्या राणीला संगीतात रस नव्हता आणि तिच्यामुळे मालकाचाही उत्साह ओसरला, असा बाखचा समज झाला. १७२३ मध्ये ती वारली, पण तोवर बाखची पावले लाइपझिगकडे वळली होती. मुलांचे उच्च शिक्षण हेही या बदलीचे एक कारण त्याने १७३० मध्ये जुना मित्र एर्डमानला पत्रात सांगितले. लाइपझिगमधली महागाई आणि अधिकाऱ्यांचा जाच यांचे रडगाणे त्यात भरपूर आहे. शेवटाकडे मात्र तो घराकडे वळतो: मुले जात्याच संगीतकार, घरच्या घरीच गाण्याबजावण्याची मैफल जमते, बायकोचा सोप्रानो स्वच्छ आहे आणि थोरली मुलगीही काही वाईट गात नाही.