जामखेडच्या आरोग्यसेविका

भारतातील ख्रिस्ती वैद्यकीय सेवेचा इतिहास बहुधा मिरज, वेल्लोर, लुधियाना अशा रुग्णालयांच्या नावांनी सांगितला जातो. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडचे मोठेपण मात्र इमारतीत नसून तेथील बिनपगारी आरोग्यसेविकांत आहे, आणि त्या इतिहासात या स्त्रियांना अद्याप त्यांच्या योग्यतेची जागा मिळालेली नाही.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. १९६० साली विवाहबद्ध होताना त्यांनी आयुष्य ग्रामीण भागातील उपेक्षितांना वाहण्याचा संकल्प केला. वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात, बरे करून घरी पाठवलेले रोगी त्याच आजाराने पुन्हा दारात येतात, हे त्यांनी पाहिले. तेव्हा अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे, म्हणजे एकेका रोग्याऐवजी सबंध वस्तीचा विचार करणाऱ्या शास्त्राचे, शिक्षण घेऊन १९७० मध्ये ते जामखेडला आले.

त्यांची पहिली योजना फसली, आणि या कार्याचा खरा प्रारंभ त्या फसण्यातच आहे. गावोगावी प्रशिक्षित परिचारिका नेमल्या गेल्या. परंतु परगावाहून आलेल्या, एकट्या राहणाऱ्या तरुणीवर गावाचा विश्वास बसेना आणि बाळंतपणासाठी बायका तिच्याकडे फिरकेनात. म्हणून गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी असे ठरले. निवडल्या गेलेल्यांत बहुतेक निरक्षर होत्या आणि अनेक दलित होत्या; जिच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, तिने सवर्णांच्या घरातील बाळंतिणीला हात लावावा, ही गोष्ट औषधोपचाराहून कितीतरी अवघड होती.

या स्त्रिया दर आठवड्याला जामखेडला येत. मीठ-साखरेचे पाणी देऊन जुलाब झालेल्या मुलाला कसे वाचवावे, तान्ह्या मुलांची वजने कशी घ्यावीत, सुरक्षित बाळंतपण कसे करावे, हे त्यांना तेथे शिकवले जाई. आणि रात्री निरनिराळ्या जातींच्या या बायका एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपत. प्रशिक्षणाचा सर्वांत मोलाचा पाठ बहुधा हाच असावा. दुष्काळात कूपनलिका खोदतानाही त्या दलित वस्तीत घेण्यावर आरोळे यांचा भर राहिला, जेणेकरून पाण्यासाठी सबंध गावाला तेथे यावे लागेल. ख्रिस्ताच्या शिकवणीत शेवटच्या माणसाला जे पहिले स्थान आहे, त्याचा इतका प्रत्यक्ष अर्थ प्रवचनांत क्वचितच सापडतो.

सेविकांना नियमित पगार नव्हता. शेळीपालन किंवा किरकोळ व्यापार करून त्या पोट भरत. १९७१ मध्ये या भागात दर हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. पुढील दोन-अडीच दशकांत हे प्रमाण तिशीच्या खाली आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या ग्रंथात जामखेडची नोंद झाली, १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल १९९९ मध्ये आणि रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले.

२००५ नंतर देशभर नेमल्या गेलेल्या ‘आशा’ कार्यकर्त्या याच कल्पनेच्या वारसदार मानल्या जातात. हा वारसा अपुरा आहे. ‘आशां’ना कामागणिक मोबदला मिळतो आणि तो वाढावा ही त्यांची मागणी पूर्णपणे न्याय्य आहे, पण दर आठवड्याला एकत्र बसून आपल्या गावातील रोग्यांविषयी डॉक्टरांशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याची जी सोय जामखेडच्या निरक्षर बायकांना होती, ती सरकारी योजनेने उचललीच नाही.