दिवा पाहायला दुसरा दिवा कशाला? (‘जाणिवेचा शोध’ : भाग ७)

गेल्या आठवड्यात आपण मेंदूतल्या पेशींपाशी येऊन थांबलो होतो. मेंदूत जाणीव नेमकी कशी घडते हे २५ वर्षांत सापडेल, अशी पैज मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यांनी १९९८ साली तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांच्याशी लावली. २०२३च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला त्यांनी हार कबूल केली आणि चामर्सना वाइन दिली. आता हे गाडं अडतं कुठे, ते पाहायला न्यूयॉर्क गाठायला नको. आमचं हुबळीचं देशपांडे नगरसुद्धा पुरेल.

इथे गंगूबाई हनगलांचं ‘गंगालहरी’ हे घर आहे. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर गंगूबाईंचा मूळचा बारीक आवाज बदलला आणि तो भरदार, जवळजवळ पुरुषी आवाजच पुढे त्यांची ओळख ठरला. फ्रँक जॅक्सन या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने १९८२ साली रंगांबाबत जो पेच टाकला, तो आपण या आवाजाला लावून बघू. समजा, जन्मापासून ऐकू न येणारी एक विदुषी आहे. स्वराची कंपनं, कंठाची रचना, ऐकणाऱ्याच्या मेंदूत होणारी उलथापालथ, सगळं तिला तोंडपाठ. एक दिवस तिला ऐकू येऊ लागतं आणि गंगूबाईंचा षड्ज कानावर पडतो. तिला काही नवं कळलं की नाही? ‘कळलं’ म्हणालात, तर सगळी माहिती हाताशी असूनही काहीतरी बाहेर राहिलं होतं हे मान्य करावं लागतं. (जॅक्सन यांनी पुढे स्वतःचं मत फिरवलं. पेच मात्र आपल्या गळ्यात राहिला.)

आता रिक्षा करून जुन्या हुबळीत जाऊ. सिद्धारूढ स्वामींचा (१८३६–१९२९) मठ लोकांना आठवतो तो शिवरात्रीच्या रथासाठी, आणि २०२० पासून तर रेल्वे स्टेशनलाही त्यांचंच नाव आहे. पण हे ‘अज्जा’ मुळात वेदान्त सोलून सांगणारे अद्वैती. या भागात वेदान्त संस्कृत पंडितांपुरता कधीच नव्हता. निजगुण शिवयोगींचा ‘विवेकचिंतामणी’ हा कन्नड ग्रंथ १६०४ सालीच मराठीत आला होता.

अंतिम सत्य कळतं का, यावर वेदान्ताचं उत्तर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असं नाही. याज्ञवल्क्य मैत्रेयीला उलट विचारतात की, जो सगळं जाणतो त्याला जाणायचं कशाने? जाणणाऱ्याला समोर ठेवून पाहू लागलो, की पाहणारा पुन्हा अलीकडेच उरतो. मग उपनिषदं वाचून मिळतं काय? चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’त याचा एक नेमका उलगडा आहे. अंधारातला घट दिसायला डोळा हवा आणि दिवाही हवा. दिवा दिसायला नुसता डोळा पुरतो, दुसरा दिवा लागत नाही. तसं, घट जाणताना बुद्धीची वृत्ती त्याच्यापर्यंत पोचते आणि चैतन्य त्याला उजळतं. ब्रह्माच्या बाबतीत वृत्तीने फक्त अज्ञानाचा पडदा दूर करायचा. उजळायचं काम उरतच नाही, कारण ते स्वतःच प्रकाश आहे. पहिल्या प्रकाराला शास्त्रात फलव्याप्ती म्हणतात, दुसऱ्याला नुसती वृत्तिव्याप्ती. शब्द जड आहेत खरे, पण ‘कळणं’ एकाच जातीचं नसतं हे इतक्या बारकाईने फार कमी ठिकाणी सांगितलेलं आहे.

हुबळीहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीच्या वाटेवर निंबाळ नावाचं लहानसं स्टेशन लागतं. गुरुदेव रानड्यांचा आश्रम तिथे आहे. जमखंडीत १८८६ साली जन्मलेले, उमदीच्या भाऊसाहेब महाराजांचे शिष्य, पुढे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. क्षयाने शरीर पोखरलं तरी नाम सुटलं नाही आणि तर्कही सुटला नाही. महाराष्ट्रातल्या संतांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३३ साली आला. साक्षात्कार झाला असं कोणी म्हटलं म्हणून ते मान डोलावत नाहीत. खरेपणाच्या कसोट्या घालून देतात. वेगवेगळ्या देशांतल्या, काळांतल्या संतांचे अनुभव जुळतात का? त्या माणसाची बुद्धी धारदार राहिली का? भावना आणि वागणूक निवळली का?

यातली वागणुकीची कसोटी मला सगळ्यात कडक वाटते, आणि आजच्या गुरूंच्या बाजारात ती सगळ्यात कमी लावली जाते. अनुभव जुळण्याच्या कसोटीवर मात्र माझं अडतं. सूर्य उगवताना सगळ्या जगाला दिसतो. त्या एकमतातून आपल्या डोळ्यांबद्दल आणि आपण उभे आहोत त्या जागेबद्दल कळतं, सूर्य फिरतो हे सिद्ध होत नाही. संतांचे नाद, प्रकाश जुळत असतील, तर माणसाचं मन तळाशी सारखं आहे असंही म्हणता येईल. जाणीव आहे, याला दुसरा पुरावा लागत नाही, इथवर पंचदशीचा दिवा मला पटतो. हीच जाणीव विश्वाचंही मूळ आहे, ही पुढची उडी. तिथे अद्वैती श्रुतीचा आधार घेतात, रानडे अनुभवाचा. श्रुती न मानणाऱ्या आणि तो अनुभव नसलेल्या माणसापुढे दोघांचंही म्हणणं साक्षच राहतं. अशी साक्ष खोटी ठरवायचं साधन कॉख यांच्या प्रयोगशाळेतही नाही.

भाऊसाहेब महाराजांच्याच परंपरेतली दुसरी शाखा मुंबईत खेतवाडीतल्या एका पोटमाळ्यावर पोचली. तिथे विड्यांचं दुकान चालवलेले निसर्गदत्त महाराज प्रश्न विचारणाऱ्यालाच धरत. ते पुढच्या भागात.