‘उत्पन्न किती?’ : प्रश्न एक, अर्थ दोन

समजा, तुम्ही मालगुंडला आंबा बागायतदारांच्या मुलाखती घेताय. विचारलंत, “काका, यंदा उत्पन्न किती?” एक जण म्हणतात, “दीडशे पेट्या.” दुसरे म्हणतात, “दोन लाख.” तिसरे म्हणतात, “निम्म्यावर आलं.”

पहिल्या दोघांनी प्रश्नाचा अर्थ वेगवेगळा घेतला, हे लगेच कळतं. खरा धोका तिसऱ्या उत्तरात आहे. निम्म्यावर काय आलं, पीक की पैसा? पीक घटलं की भाव चढू शकतो. मग मिळकत निम्मी होईलच असं नाही. तुम्ही मात्र वहीत ‘मिळकत ५० टक्क्यांनी घटली’ असं लिहून मोकळे!

संवाद म्हटलं की आपल्याला क्लॉड शॅनन यांची १९४८ सालची आकृती शिकवतात: पाठवणारा, संदेश, माध्यम, गोंगाट, घेणारा. पण शॅनन टेलिफोन-तारेचा प्रश्न सोडवत होते. संदेशाच्या अर्थाशी आपल्याला कर्तव्य नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलंय. आपल्या उदाहरणात गोंगाट शून्य आहे. ‘उत्पन्न’ हा शब्द जसाच्या तसा पोचलाय. पोचला नाही तो अर्थ, कारण बोलीत ‘उत्पन्न’ म्हणजे पीकही आणि मिळकतही.

म्हणजे अर्थ शब्दात भरून पाठवता येत नाही. दोघांना आधीपासून जे सामायिक माहीत असतं, त्याच्या आधारावर तो दोघं मिळून ठरवतात. रोजच्या गप्पांत यात चूक होते, पण ती तिथल्या तिथे दुरुस्तही होते: “म्हणजे?”, “कोण?”, “काय म्हणालास?” २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, १२ भाषांतल्या गप्पांच्या अभ्यासात अशी दुरुस्ती सरासरी दर १.४ मिनिटाला एकदा आढळली.

छापील प्रश्नावलीत ही सोयच नसते. मुलाखतीत असते, पण समोरचे काका ‘शिकलेल्या पोरांना कसं विचारायचं’ म्हणून गप्प बसू शकतात. म्हणून तीन गोष्टी करा.

एक, चाचणी मुलाखतीत विचारा, “या प्रश्नातून तुम्हाला काय समजलं?”
दोन, उत्तर आपल्या शब्दांत परत सांगा: “म्हणजे पेट्या निम्म्या झाल्या, की हातात आलेले पैसे?” अशा शब्दांचा खुलासा आधीच लिहून ठेवा, म्हणजे सगळ्यांना तोच मिळेल.
तीन, मुलाखत उतरवून काढताना “हां?”, “म्हणजे?” गाळू नका. तुमचा प्रश्न कुठे अडखळला, ते तिथेच दिसतं.